लोकरीची सतरा रोपं

“आत काय हरवलं का, बाई?”

कुंपणापलीकडून आवाज आला तेव्हा मी कुसळी गवतात गुडघे टेकून बसले होते. पोटाशी बांधलेली अकरा महिन्यांची मैथिली, तिच्या डोक्यावर टोपी, टोपीवरून मच्छरदाणीचा तुकडा. माझ्या सलवारीत वरपासून खालपर्यंत कुसळं घुसली होती.

“हरवलं नाही. शोधतेय.”

“म्हंजी हरवलंच की.”

लकाबाई कोकरे. काठीवर दोन्ही हात, हातांवर हनुवटी आणि मागं दीडशे मेंढ्या. सव्वा वर्षापूर्वी मी हे कुंपण घातलं तेव्हा आमचं दोघींचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यानंतर इथून जाताना ती मेंढ्यांना मला ऐकू येईल अशा आवाजात सांगायची, “लांबनं चला गं. हितं शाळा हाय.”

मी जे शोधत होते ते रोपटं वीतभरसुद्धा नसतं. माण तालुक्यातल्या त्या माळावर जूनमध्ये उगवतं आणि दिवाळीपर्यंत आयुष्य उरकून मोकळं होतं. खोड, पानं, कळ्या, सगळ्यांवर पांढरी लव. लांबून वाटतं, मेंढीच्या अंगची लोकर काट्याला अडकून खाली पडलीय. त्या लोकरीतून ज्वारीच्या दाण्याएवढी फिकट पिवळी फुलं डोकावतात. त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्याच्यावर मी पीएचडी करत होते.

म्हणजे, करायला सुरुवात केली होती. पहिल्या वर्षी दहा बाय दहा मीटरचा तुकडा आखला, आणि त्यात तीनशे बारा रोपं मोजली. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याला बोराटीच्या काट्यांचं दणदणीत कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं, आणि आठवड्याभरात डॉक्टरांनी मला झोपून राहायला सांगितलं. मग मैथिली आली. मग मैथिलीची सर्दी, मैथिलीचे दात, मैथिलीच्या अंगावरचं पुरळ. या पावसाळ्यात मी तीनदा माळावर आले आणि तिन्ही वेळा लांबूनच परतले. एकदा वारा होता. एकदा तिनं दोन शिंका दिल्या. तिसऱ्यांदा काही झालं नव्हतं, पण होईल असं वाटलं. कुंपण शाबूत दिसत होतं, तेव्हा आतलं सगळं सुखरूप असणार हे मी धरूनच चालले होते.

आणि आता आत कमरेएवढं गवत होतं. खाली गेल्या वर्षीच्या वाळक्या गवताची गादी. त्या पांढऱ्या लवेचं एकही रोप नव्हतं. एकही नाही.

उद्या गुरुवारी अकरा वाजता साताऱ्याहून पेंढारकर मॅडम येणार होत्या. माझ्या मार्गदर्शक. फोनवर त्यांनी आवाज न चढवता सांगितलं होतं, “एक मुदतवाढ संपली तुझी. मला फुललेली रोपं जाग्यावर दाखव, दुसरीवर तिथंच सही करते. नसतील तर नोंदणी रद्द करू. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.”

पण ही नोंदणी गेली तर मी परत अर्ज करणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. घरी बसायला मला शंभर कारणं सापडली असती, आणि शंभरही मैथिलीच्या नावाची.

“ते बारकं पांढरं झाड बघतीयास व्हय?” लकाबाई म्हणाली. “लोकरी?”

मी उठून उभीच राहिले. “तुम्हाला माहितीये ते?”

“न ठावं असायला काय झालं? तुझ्या शाळंत न्हाई का आलं ते औंदा?” आणि ती अशी हसली की पुढच्या दोन मेंढ्या दचकल्या.

“लकाबाई, बाहेर कुठं आहे का?”

“ढीग पडलाय. मेंढरं दुपारची बसत्यात तिथं.”

“मेंढ्या खात नाहीत?”

“लोकर खातंय व्हय कोण? टाळ्याला चिकटतीया.”

“कुठं बसतात मेंढ्या?”

तिनं काठी उचलून सबंध क्षितिजाकडे केली. “त्या बोरीच्या पल्याड जायाचं. आमचं काळं कुत्रं मेलं हुतं बघ, तिथनं डाव्या अंगाला. मग मुरमाड चढ लागतोय. त्याच्या माथ्याला.”

“ते कुत्रं कधी मेलं?”

“झाली की चार वर्सं.”

माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. “बरं ऱ्हाऊ दे. उद्या आमचा वाडा हलतोय कोकणाकडं. वाट त्याच अंगानं हाय. सकाळी ये, संगं नेती तुला.”

“अकराला माझ्या मॅडम येणारेत. त्यांना ते इथं दिसायला हवं. या कुंपणात.”

“हितं कशापायी?”

“मी सगळीकडे हीच जागा लिहिलीय म्हणून.”

लकाबाईनं क्षणभर विचार केला. मिरचीची रोपं लावताना करतात तेवढाच. “मग खुरपं आण. ओंजळ-दोन ओंजळी उपटू आन् लाव आणून हितं. पाणी घाल. सायबिणीला काय कळतंय!”

“छे, असं कसं चालेल,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी खुरपं घेऊन हजर होते.

नवऱ्यानं मोटरसायकलवरून सोडलं आणि बँकेत तपासणी होती म्हणून तो तसाच पुढे गेला. माझ्या पाठीवर पिशवी. त्यात उकळून गार केलेलं पाणी, थर्मामीटर, तीन दुपटी, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या रिकाम्या पिशव्या आणि खुरपं. पोटाशी मैथिली.

वाडा निघायच्या तयारीत होता. वाडा म्हणजे दगडविटांचा नाही. धनगरांचं सगळं चालतं घर म्हणजे वाडा. पुरुषमाणसं मेंढ्या घेऊन पुढे गेली होती. मागे उरलेल्या तांबड्या घोडीवर लकाबाई आणि तिची सून सुली मिळून सगळा संसार चढवत होत्या. आधी मेंढ्या कोंडायच्या जाळ्या, मग वाकळा, मग पातेली, त्यावर कोंबड्यांचं डालगं. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या पिशव्यांतून दोन-दोन कोकरांची तोंडं बाहेर. आणि सगळ्यांत वर, वाकळांच्या खळग्यात, सुलीचा वर्षाचा मुलगा बांधून बसवलेला. त्याच्या हातात भाकरीचा तुकडा होता आणि चेहऱ्यावर तहसीलदाराचा भाव.

“पडला म्हणजे?” मी सुलीला विचारलं.

“कोन?” तिनं विचारलं.

आम्ही निघालो. पहिला अर्धा तास मी नेटानं चालले. मग मुरमाचा चढ सुरू झाला. पाय घसरायला लागले. एकदा मी गुडघ्यावर आपटले तेव्हा मैथिलीचं डोकं दगडापासून हातभर अंतरावर होतं.

लकाबाईनं वळून बघितलं. “दे ती पोरगी हिकडं.”

“नको, नको. तिला सवय नाहीये.”

“कशाची? बसायची?”

“घोड्याची! आणि कोंबड्या आहेत त्यात. ती सगळं तोंडात घालते.”

“कोंबडीला कळतंय की लांब व्हायचं. आगं, तू पडलीस तर दोघी पडाल. घोडी पडायची न्हाई. तिला चार पाय हायती.”

मी एम.एस्सी.ला विद्यापीठात तिसरी आले होते. पायांची ही बेरीज मात्र कधी केली नव्हती.

सुलीनं घोडी थांबवली. मैथिली वर गेली, लुगड्याच्या पट्ट्यानं दोन वेढ्यांत बांधली गेली, आणि तहसीलदारांच्या शेजारी बसली. मला वाटलं, आता भोकाड पसरेल. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग कोंबडीकडे, मग त्याच्या हातातली भाकरी काढून घेतली. तो रडला. ती नाही.

मी तिचा डावा पाय हातात धरून चालायला लागले.

“पाय सोड की,” लकाबाई म्हणाली.

“असू दे.”

“घोडीला वाटंल, तू मोजा चोरतीयास.”

मी पाय सोडला नाही. आज मैथिली दहा वर्षांची आहे. त्या प्रवासातलं तिला काहीच आठवत नाही. मला मात्र तो मोजा अजून आठवतो, जांभळा, टाचेला विरलेला.

माथ्यावर पोहोचलो आणि लकाबाई म्हणाली, “ही बघ.”

सकाळचं ऊन तिरपं पडत होतं. समोर उघडा मुरूम, त्यात मेंढ्यांच्या खुरांनी झालेले बारीक खड्डे, वाळक्या लेंड्या, आणि सगळीकडे ती. शेकडो. हजारही असतील. उन्हात पांढरी लव चमकत होती, आणि प्रत्येक रोपाच्या शेंड्याला पिवळे ठिपके फुललेले होते. इतकी रोपं एका जागी मी कधीच पाहिली नव्हती.

“झालं समाधान?” लकाबाईनं विचारलं.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. खाली कुंपणापर्यंत परत जायला पाऊण तास. लावायला अर्धा तास. जमलं असतं. मी मैथिलीचा पाय सोडला, खुरपं काढलं आणि बसले.

“दोनच मिनिटं,” मी म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते आता आठवत नाही.

मूळ सोटासारखं खोल जात होतं आणि मुरूम घट्ट होता. पहिल्या दोन रोपांचं मूळ मधेच तुटलं, तरी ती ठेवून घेतली. मी आणखी लांबून खणायला लागले. लकाबाई शेजारी उकिडवी बसून सूचना देत होती, “खालनं घे. आगं, खालनं. वरनं काय वढतीस, केस हायती व्हय ते?” मी एकेक रोप ओल्या फडक्यात ठेवत होते. नऊ, दहा, अकरा. किती लावली म्हणजे खरं वाटेल याचा मनात हिशेब चालला होता. पन्नास तरी हवीत. मग वाटलं, तीसही चालतील, प्रमाण घटलं असं म्हणता येईल. कारण काय सांगायचं? पाऊस कमी झाला. पंधरा. सोळा. सतरा.

मान वर केली तर घोडी नव्हती.

समोर मोकळा माथा. निळं आभाळ. घोडी नाही, सुली नाही, मैथिली नाही.

“लकाबाई! घोडी कुठंय?”

“गेली की फुडं.”

“पुढे म्हणजे? थांबायला नको का? माझी मुलगी आहे तिच्यावर!”

“माझा नातू बी हाय,” लकाबाई शांतपणे म्हणाली. “वाडा थांबत न्हाई बाई कुणासाठी. पाण्यावर जाऊन थांबंल ती.”

पुढचं मी ऐकलं नाही. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात फडकं, अशी मी धावत सुटले. इतकी जोरात मी शाळेतल्या शर्यतीतसुद्धा धावले नसेन. माथ्याची कड ओलांडली आणि उताराला लागले. खाली कच्चा रस्ता होता. रस्त्यावर मेंढ्या पसरलेल्या, मेंढ्यांच्या मधोमध अडकलेली एक पांढरी जीप, जीपशेजारी तांबडी घोडी.

आणि घोडीशेजारी पेंढारकर मॅडम.

त्यांनी हात उंच करून मैथिलीला बोट दिलं होतं. मैथिलीनं बोट सोडून त्यांचा चष्मा घेतला होता.

“ये, ये,” माझी चाहूल लागल्यावर मॅडम म्हणाल्या. चष्म्याशिवाय त्यांना मी बहुधा एखाद्या धावत्या झुडपासारखी दिसत असेन. “तू पाठवलेल्या फोटोतली टोपी ओळखली मी. म्हटलं, ही आपल्या विद्यार्थिनीची मुलगी, म्हणजे विद्यार्थिनीही मागून येतच असणार. एवढी हिंमत कधीपासून आली तुझ्यात? मला तर वाटत होतं, तू हिला काचेच्या कपाटात ठेवतेस.”

मला श्वास घेता येत नव्हता. मी आधी मैथिलीचे दोन्ही पाय चाचपले, मग हात, मग कपाळ. सगळं जागच्या जागी होतं. गालावर भाकरी होती. सुलीनं तिला सोडून मॅडमच्या कडेवर दिलं, कारण माझे हात मातीनं भरलेले होते.

“लवकर आलात मॅडम,” मी कशीबशी म्हणाले.

“पहाटे निघाले. तुझ्या प्लॉटवर जाऊन आले.” त्यांनी मैथिलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “फाटकातून बघितलं. नुसती कुसळं आहेत.”

मेंढ्या ओरडत होत्या. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला होता आणि आता त्यांच्याशी बोलून बघत होता. मॅडमनी डोळे बारीक करून माझ्या हातांकडे बघितलं. उजव्या हातात खुरपं. डाव्या हातात ओलं फडकं, त्यातून लोंबणारी पांढरी रोपं.

“नमुने घेतलेस वाटतं?”

त्यांनी ते अगदी सहज विचारलं. “हो” म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. वर माथ्यावर हजार रोपं उभी होती. नवीन जागा सापडली, नमुने घेतले, प्लॉट दुर्दैवानं गेला. कुठंही फट नव्हती.

“नाही मॅडम,” मी म्हणाले. “कुंपणात नेऊन लावणार होते. तुम्ही यायच्या आत.”

मैथिली चष्म्याची काडी चावत होती.

एवढ्यात लकाबाई मागून येऊन पोहोचली आणि काय चाललंय ते तिच्या लगेच लक्षात आलं. “म्या सांगिटलं तिला तसं,” ती म्हणाली. “तिला कुठलं सुचतंय!”

“कुठून काढलीत ही?” मॅडमनी विचारलं.

“वरनं. चला, दावती.”

सुली घोडी घेऊन पुढे गेली. आम्ही तिघी वर चढलो. मॅडमनी मैथिलीला माझ्याकडे दिलं नाही आणि मैथिलीनं चष्मा दिला नाही, त्यामुळे प्रत्येक मोठ्या दगडाशी मला “इथं जरा उंच आहे” असं सांगावं लागत होतं. माझी पीएचडी संपली होती, हे मला कळत होतं. आश्चर्य म्हणजे मला रडू येत नव्हतं. अजून दमच लागलेला होता.

माथ्यावर मॅडम सरळ जमिनीवर बसल्या. मैथिलीला मांडीत घेऊन त्या एका रोपावर इतक्या वाकल्या की नाकाला लव लागली. मग हातानं मुरूम चाचपला, खुरांचे खड्डे चाचपले, एक लेंडी उचलून दोन बोटांत चुरडली.

“इथं मेंढ्या रोज बसतात?”

“पावसाळाभर. दुपारच्या,” लकाबाई म्हणाली.

“मग गवत?”

“ऱ्हातंय कुठलं? खात्यात, तुडवत्यात. म्हणून तर लोकरीला ऊन मिळतंय. गवात वाढलं की ती गुदमारती. बी सुदीक मेंढराच्याच अंगाला चिकटून जातंय हिकडनं तिकडं.”

मग माझ्याकडे न बघता मॅडमनी विचारलं, “कुंपण घाल, असं तुला कोणी सांगितलं होतं?”

“तुम्ही.”

“हो. मीच. बावीस वर्षं प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी मी हेच सांगत आलेय. आधी कुंपण घाला.” त्या लकाबाईकडे वळल्या. “बाई, तुम्हाला एवढं माहीत होतं, तर हिला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“आत्ता गं बया!” लकाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. “सांगिटलं की! भांडाण कशावरनं झालं मग?”

आणि मला ते आठवलं. सगळं, शब्दासकट. मी, सहाव्या महिन्यातलं पोट घेऊन फाटकाला कुलूप लावत होते. ती बाहेरून ओरडत होती, “बंद केलंस तर मरंल ती, येडे!” मला वाटलं होतं, बाईला चराई हवीय. मी तिला म्हणाले होते, तुम्हाला यातलं काय कळतं?

“ताई,” मी म्हणाले. त्याआधी मी तिला कधी ताई म्हटलं नव्हतं.

“ऱ्हाऊ दे आता,” ती म्हणाली. “पोटूशी बाईचं बोलणं कोन मनावर घेतंय. व्हय, मेंढरांना मातुर राग आला हुता.” तिनं मैथिलीच्या हनुवटीला बोट लावून ते स्वतःच्या ओठांना लावलं, काठी उचलली आणि उताराला लागली. पाच मिनिटांत ती खालच्या रस्त्याला पोहोचलीसुद्धा.

मी फडकं उलगडलं. सतरा रोपांपैकी अकरा तर मान टाकून बसली होती. “परत लावून बघू का, मॅडम?”

“मुळं तुटलीत. जगणार नाहीत. पण फेकू नकोस.” मॅडमनी खांद्यावरच्या पिशवीतून छापील तक्ता आणि पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. “आजची नोंद कर. इथली सगळी उभी रोपं मोजायला तुला आठवडा लागेल, ती नंतर. आधी मेलेली.”

मी तारीख लिहिली. जागा लिहिली. मृत रोपांच्या रकान्यात सतरा लिहिले. पुढचा रकाना कारणाचा होता. तक्त्याच्या तळाशी निवडायला कारणं छापलेली होती. चराई, तुडवणी, कीड, पाण्याचा ताण.

“इथं काय लिहू?”

“खरं असेल ते.”

मैथिली मॅडमच्या मांडीवरून उतरून रांगत दोन फुटांवर गेली होती आणि एका रोपाला हात लावून बघत होती. मी तिला उचलायला उठले नाही. पेन टेकवलं आणि लिहिलं, “मी.”

मॅडमनी हात लांब करून मैथिलीच्या मुठीतून चष्मा सोडवला, साडीच्या पदरानं लाळ पुसली, डोळ्यांवर चढवला आणि तक्ता वाचला. मग पिशवीतून मुदतवाढीचा अर्ज काढला, गुडघ्यावर ठेवला, विषयाच्या ओळीवर काट मारली आणि त्या ओळीच्या वर नवीन ओळ लिहिली, ‘लोकरी: चराई असलेल्या आणि नसलेल्या माळावर’.

“‘लोकरी’चं इंग्रजी स्पेलिंग नंतर तपासू,” त्या म्हणाल्या, आणि खाली सही केली.